घर घेताना आपल्या बाजूचा एजंट हवा का?

अबोली:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर विचारतेय. आम्ही भांडुपला भाड्याने राहतो आणि यंदा स्वतःचं घर घ्यायचं पक्कं केलंय. मुलुंड ते कांजूरमार्ग पट्ट्यात टू बीएचके, बजेट १ कोटी ४० लाखांपर्यंत, त्यातलं बरंचसं अर्थात लोन. रिसेल आणि नवीन दोन्ही बघतोय.

आत्तापर्यंत जे एजंट भेटले ते सगळे फ्लॅटचे एजंट, म्हणजे ज्याच्याकडे ज्या फ्लॅटची चावी तो तोच फ्लॅट दाखवणार आणि दार उघडायच्या आधीच "मॅडम, मालक याच्या खाली येणार नाही" असं सांगून टाकणार. ब्रोकरेज मात्र आमच्याकडूनही घेणार. नवीन प्रोजेक्टच्या सेल्स ऑफिसात तर सगळेच बिल्डरचे. मालकाच्या बाजूने एजंट, बिल्डरच्या बाजूने सेल्स टीम, बँकेच्या बाजूने बँकेचा वकील. आमच्या बाजूने कोण?

म्हणून विचार करतेय की फक्त आमच्यासाठी काम करेल असा एक एजंट धरावा, त्याने फ्लॅट शोधावेत, भाव करावा, आणि नको असेल तर नको म्हणावं. सासरे म्हणतात पैसे वाया, नवरा म्हणतो वकील पुरे. मला दोन्ही पटत नाही. वीस वर्षं हप्ते भरायचे आणि एवढ्या मोठ्या व्यवहारात आपलं म्हणून बोलणारं माणूस एकही नाही, हे बरोबर वाटत नाही. कुणी असं केलंय का मुंबईत?

घाटकोपरी:
गरज नाही. एजंट मालकाचाही नसतो आणि तुमचाही नसतो, तो डीलचा असतो. डील झालं तर पैसे, नाही झालं तर पेट्रोल वाया. मग तो "हा घेऊ नका" कशाला सांगेल? चांगला वकील करा, बिल्डिंगच्या वॉचमनशी गप्पा मारा, झालं.

वडापाव_प्रेमी:
वॉचमनला +१. आमच्याकडे पाणी कधी येतं, कुठल्या विंगला गळतं आणि सेक्रेटरीचं कुणाशी वाजलंय हे सगळं त्याला माहीत. कमिटीने त्यालाच खजिनदार करावं :)

ठाणेकर:
आम्ही केलंय, घोडबंदर रोडला घेतलं तेव्हा. ओळखीतून एक मध्यमवयीन बाई मिळाल्या, त्याच भागात बरीच वर्षं काम करणाऱ्या. पहिल्याच भेटीत बोलून घेतलं की ब्रोकरेज आम्ही देऊ, समोरच्या पार्टीकडून तुम्ही काहीही घ्यायचं नाही. त्यांनाही ते चाललं.

आणि घाटकोपरी, त्यांनी "हा घेऊ नका" खरंच सांगितलं. एक फ्लॅट आम्हाला इतका आवडला होता की टोकन द्यायला निघालो होतो. मालक म्हणत होते पार्किंग आहे. बाईंनी सोसायटी ऑफिसात जाऊन विचारलं तर पार्किंग सोसायटीच्या रेकॉर्डवर त्यांच्या नावाने नव्हतंच, बिल्डरने जुन्या काळी दिलेलं नुसतं एक लेटर होतं. दुसऱ्या एका ठिकाणी लिफ्टच्या मेंटेनन्सवरून सोसायटीत भांडण चाललंय आणि निम्मे मेंबर पैसे भरत नाहीयेत हे त्यांना आधीच माहीत होतं. हे वकिलाला कागदावर दिसणारच नाही.

भावाचं बोलायचं तर त्याच बिल्डिंगमधल्या आधीच्या विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे सरकारकडे नोंदलेल्या व्यवहाराचे उतारे, काढून त्यांनी मालकाच्या एजंटसमोर ठेवले. मग "मालक खाली येणार नाही" हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही.

अबोली:
ठाणेकर, हेच हवं होतं मला! इंडेक्स टू आपल्याला बघता येतो का, की एजंटच काढू शकतो?

अ‍ॅड_कोकणी:
कुणालाही बघता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे जिल्हा, गाव, वर्ष आणि सीटीएस नंबर (शहरातल्या जमिनीचा सर्व्हे नंबर) घालून शोधायचं. मुंबईत सीटीएस नंबर माहीत असला की काम सोपं, तो सोसायटीच्या लेटरहेडवर किंवा जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये सापडतो. इंडेक्स टूमध्ये घेणारा, विकणारा, क्षेत्रफळ, मोबदला आणि बाजारभाव असतो. मोबदला म्हणजे खरा नोंदवलेला भाव. पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव, त्यावर विसंबू नका.

आता पार्किंगचं. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये दहिसरच्या एका केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की स्टिल्ट, म्हणजे बिल्डिंगखाली खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं स्वतंत्रपणे विकता येत नाही. सोसायटी झाली की वाटप सोसायटी करते. म्हणून रिसेलमध्ये "पार्किंग आहे" असं कुणी म्हटलं की सोसायटीचं अ‍ॅलॉटमेंट मागायचं, बिल्डरचं लेटर नाही.

आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, मी स्वतः वकील आहे, तरी "वकील पुरे" असं मी म्हणणार नाही. लोक आमच्याकडे येतात कधी? फ्लॅट ठरला, भाव ठरला, टोकनचा चेक गेला, मग फाइल घेऊन येतात. टायटल म्हणजे मालकी निर्वेध आहे का, चेन म्हणजे आधीच्या सगळ्या खरेदीची अ‍ॅग्रीमेंट, तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च, ओसी म्हणजे महापालिकेचा राहायच्या परवानगीचा दाखला, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे मी बघतो. पण भाव पंधरा लाखांनी जास्त लागलाय हे सांगणं माझं काम नाही आणि मला ते कळेलच असंही नाही. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारे की नाही, गेली तर कुठल्या अटीवर, हे तिथल्या माणसालाच माहीत असतं. दोघांची कामं वेगळी आहेत.

तेजोमय:
पण बँक सगळे पेपर तपासतेच ना? लोन मंजूर झालं म्हणजे पेपर क्लिअर असंच धरतात सगळे.

अ‍ॅड_कोकणी:
तेजोमय, बँक स्वतःच्या पैशापुरतं बघते. तुम्ही हप्ते भरले नाहीत तर घर विकून पैसे निघतील का, हा तिचा प्रश्न. तुम्ही जास्त भाव दिलात, जास्तीची रक्कम खिशातून घातलीत, तर बँकेचं काही बिघडत नाही. त्या वकिलाचा रिपोर्टसुद्धा बऱ्याचदा तुम्हाला दाखवत नाहीत, फी मात्र प्रोसेसिंगच्या नावाखाली तुम्हीच भरता. अबोलीताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे, तो बँकेच्या बाजूचा माणूस.

बोरिवली_पश्चिम:
मी स्वतः एजंट आहे, महारेरा म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाकडे रजिस्टर्ड, बोरिवली-दहिसर रिसेल करतो. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्या लाइनमध्ये "साइड बाय साइड" म्हणून पद्धत आहे. फ्लॅट माझ्याकडे, गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटचं, मी मालकाकडून घेतो, तो गिऱ्हाइकाकडून घेतो. म्हणजे अबोलीताई म्हणतात तसा "आपला एजंट" मुंबईत आजही असतो, फक्त गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. ते पोर्टलवर फ्लॅट बघतात, खालच्या नंबरवर फोन करतात आणि तो नंबर असतो मालकाच्या एजंटचा. मग एकच माणूस दोन्हीकडचा होतो आणि दोन्हीकडून १-१ टक्का घेतो, कुणी २ पण मागतो. दोन्हीकडून पैसे घेणाऱ्याने मालकासाठी जास्तीत जास्त आणि तुमच्यासाठी कमीत कमी भाव एकाच वेळी आणायचा, हे कसं जमणार? चांगला असेल तर मध्य काढेल. तुमचा असा तो होणार नाही.

म्हणून माझा सल्ला, आधी एजंट ठरवा आणि मग फ्लॅट बघा. त्याला सांगा की सगळ्या एरियातल्या एजंटांकडून इन्व्हेंटरी, म्हणजे विकायला असलेल्या फ्लॅटची यादी, काढ, आमच्याकडून जे ठरेल ते घे. आम्ही एकमेकांच्या ग्रुपवर रोज टाकतच असतो, त्यामुळे एकाला धरलं तरी बाजारातले बहुतेक फ्लॅट त्याच्यामार्फत दिसतात. दहा जणांना फोन केलेत तर तोच फ्लॅट तुम्हाला चार जण चार भावांनी दाखवतील आणि मालकाला वाटेल चार गिऱ्हाइकं आलीत, मग तो कशाला उतरेल?

घाटकोपरी:
बोरिवली_पश्चिम, मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आदर आहे. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. माझ्या बाजूच्या एजंटलाही टक्क्यानेच पैसे मिळणार. १ कोटी ४० लाखांचा १ टक्का १ लाख ४० हजार. त्याने घासाघीस करून १० लाख कमी केले तर त्याचेच १० हजार गेले. आणि डील मोडलं तर सगळेच गेले. माणूस कितीही चांगला असो, त्याच्या फायद्याची दिशा माझ्या उलटीच राहते.

आकडेमोड:
घाटकोपरींचं गणित बरोबर आहे पण उत्तर वेगळं निघतं. टक्का देऊच नका, ठरावीक फी द्या. समजा ८० हजार, भाव कितीही ठरो. वर हवं तर मालकाच्या पहिल्या भावापेक्षा जेवढं कमी आणेल त्यातला काही भाग. मग दिशा बदलते की नाही बघा. एजंट जीएसटी रजिस्टर्ड असेल तर १८ टक्के वर, ते आधी विचारून घ्या, शेवटी बिल आलं की भांडणं होतात.

एकूण खर्चात ही रक्कम कुठे बसते तेही बघा. १ कोटी ४० लाखांवर मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. बांधकाम चालू असलेलं घेतलंत तर ५ टक्के जीएसटी, ७ लाख, ओसी आलेल्याला तो नाही. एवढे पैसे आपण मुकाट भरतो आणि जो माणूस भावात ५-१० लाखांचा फरक पाडू शकतो त्याचे ८० हजार मात्र डोळ्यावर येतात.

अजून एक, ५० लाख किंवा वरचं घर असेल तर विकणाऱ्याचा १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या पैशातून आधीच कापायचा आयकर, तुम्ही कापून भरायचा असतो. विकणारा एनआरआय असेल तर नुसता १ टक्का कापून चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो, आणि कापला नाहीत तर आयकर खातं तुम्हाला धरतं, तो तर परदेशात. मालकाचा एजंट ही गोष्ट आपणहून सांगेल याची खात्री नाही, कारण मालकाला ती नकोच असते.

हडसनकाठ:
न्यू जर्सीहून लिहितोय, मूळचा डोंबिवलीचा. इकडे घेणाऱ्याचा वेगळा एजंट ही रूढ गोष्ट आहे. विकणाऱ्याचा लिस्टिंग एजंट, घेणाऱ्याचा बायर्स एजंट. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं दोघांचं कमिशन मिळून ५-६ टक्के विकणाराच द्यायचा आणि घेणाऱ्याला वाटायचं आपला एजंट फुकट आहे. खरं तर ते पैसे घराच्या किमतीतूनच जायचे. त्यावर कोर्टात केस झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्युरीने रिअल्टर्सच्या संघटनेविरुद्ध निकाल दिला आणि पुढे ४१ कोटी ८० लाख डॉलर्सची तडजोड झाली. १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम असा की एजंटबरोबर घर बघायला जायच्या आधी लेखी करार करायचा, त्यात त्याची फी आकड्यात किंवा टक्क्यात स्पष्ट लिहायची आणि त्याने त्यापेक्षा जास्त कुणाकडूनही घ्यायचं नाही.

एकाच एजंटने दोन्ही बाजू धरणं याला इथे ड्युअल एजन्सी म्हणतात, आमच्या राज्यात दोघांची लेखी संमती लागते, फ्लोरिडा आणि कोलोरॅडोत तर त्याला बंदीच आहे.

आमच्या एजंटने सगळ्यात मोठं काम केलं ते इन्स्पेक्शननंतर. घराचं छत आणि तळघरातला ओलावा याचा रिपोर्ट आला, तो घेऊन तिने विकणाऱ्याकडून दुरुस्तीचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. आम्ही घराच्या प्रेमात पडलो होतो, आम्ही स्वतः बोललो असतो तर लगेच हो म्हटलं असतं. त्रयस्थ माणूस असण्याचा हाच फायदा, त्याला ते घर आवडलेलं नसतं.

लंडनचा_पाऊस:
इंग्लंडमध्ये उलट आहे. इथे इस्टेट एजंट विकणाऱ्याचा, पैसे तोच देतो. घेणाऱ्याचा असतो सॉलिसिटर आणि सर्व्हेअर. घेणाऱ्याचा एजंट श्रीमंत लोकच ठेवतात. पण सर्व्हेअर सगळ्यांनी करावा असं मी म्हणेन, आमच्या सर्व्हेअरने चिमणीखाली मुरणारं पाणी शोधलं होतं.

तेजोमय:
हे इन्स्पेक्शन मुंबईत कुणी करतं का? आमच्या ओळखीत नळ सोडून बघतात आणि भिंतीवर हात फिरवतात तेवढंच.

अ‍ॅड_कोकणी:
करून देणारे सिव्हिल इंजिनिअर मिळतात, सांगितलं तर येतात. बिल्डिंग ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिकेच्या कायद्यानुसार स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तो रिपोर्ट सोसायटीकडे मागा. आणि घर पावसाळ्यात एकदा बघा, वरच्या मजल्याचं तर नक्कीच.

वडापाव_प्रेमी:
नवा रंग मारलेला असेल तर दोनदा बघा. जूनमध्ये रंग मारणारा मालक बहुतेक काहीतरी झाकतोय.

रातराणी:
मी एकटीने घर घेतलं, चेंबूरला. माझा अनुभव वेगळ्या कारणाने सांगावासा वाटतो. दादाला सोबत नेलं की एजंट सगळं त्याच्याशी बोलायचे, भाव, पार्किंग, लोन, आणि मला किचन दाखवायचे. पैसे माझे, लोन माझं, सही माझी. शेवटी एक एजंट माझ्यासाठी म्हणून धरला, तोही मैत्रिणीच्या बिल्डिंगमधला, आणि त्याला सांगितलं की समोरचा काय बोलतो ते मला शब्दशः सांगायचं. त्याने तेच केलं. मालकाच्या मुलाला परदेशात जायची घाई आहे आणि ऑगस्टच्या आत व्यवहार हवाय हे त्यानेच काढलं. एवढं एक कळलं आणि बोलणीच बदलली. मालकाच्या एजंटने हे मला कधीच सांगितलं नसतं, आणि सांगायलाही नको होतं, तो त्यांचा माणूस होता.

एकट्या बाईच्या नावाने घर असेल तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी १ टक्का कमी लागते, २०२१ पासून. तेही त्यानेच लक्षात आणून दिलं, नाहीतर घरचे दादाचं नाव लावायला निघाले होते.

अबोली:
रातराणी, किचनचं वाचून हसू आलं आणि रागही. माझ्याही बाबतीत असंच चाललंय. स्टॅम्प ड्युटीचं विचारायचं होतं, नवरा-बायको दोघांचं नाव असेल तर सूट मिळते का?

आकडेमोड:
नाही. फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर असेल तर. पुरुषाचं नाव आलं की ६ टक्के. तुमच्या बजेटवर फरक १ लाख ४० हजारांचा. फक्त घाईने नाव काढू नका, लोनमध्ये दोघांचं उत्पन्न धरायचं असेल तर बँक मालकीत कुणाची नावं मागते ते आधी विचारा, आणि हप्त्यावरची करसवलतही मालकीत नाव असलेल्यालाच मिळते.

जुनाजाणता:
पोरांनो, जरा वेगळं सांगतो. आमचं गिरगावात पागडीचं घर. पागडीत तर एजंट तिसऱ्या बाजूशीही बोलतो, ती म्हणजे घरमालक. जुना भाडेकरू जागा सोडणार, नवा घेणार, आणि पावती नव्याच्या नावाने करायला घरमालक त्याचा हिस्सा घेणार. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ मुळे हे सगळं कायदेशीर आहे, पूर्वी चोरून चालायचं. पण मालकी मिळत नाही, भाडेकरू हक्कच मिळतो, आणि बँका सहसा लोन देत नाहीत. स्वस्त दिसतं म्हणून दक्षिण मुंबईत पागडी बघायला निघालेल्याला हे समजावून सांगणारं आपलं माणूस हवंच. तीन जणांत घेणारा सगळ्यात अडाणी असतो.

विक्रोळीकर:
विषय निघालाय तर, कन्नमवारनगरला एक जण सांगत होता की म्हाडाच्या लॉटरीत घर "लावून" देतो, दोन लाख आधी. हा एजंट चालेल का?

अ‍ॅड_कोकणी:
विक्रोळीकर, अजिबात पैसे देऊ नका!! म्हाडाच्या लॉटरीला एजंट नसतोच, म्हाडा दर वेळी जाहीर करते की आम्ही कुणालाही नेमलेलं नाही. अर्ज ऑनलाइन, सोडत संगणकाने. लावून देणारा कुणीही असो, पोलिसांत जा.

विक्रोळीकर:
बरं झालं विचारलं. भावाला सांगतो लगेच, तो निघालाच होता पैसे घेऊन.

घाटकोपरी:
सगळे रिसेलवरच बोलताय. अबोलीताई नवीन प्रोजेक्टही बघतायत. तिथे एजंटचा काय उपयोग? भाव बिल्डरचा, रेट कार्ड छापलेलं, ब्रोकरेजही बिल्डरच देतो.

बोरिवली_पश्चिम:
तिथे तर जास्त जपायला हवं. नवीन प्रोजेक्टमध्ये आम्हाला चॅनेल पार्टनर म्हणतात. पैसे बिल्डर देतो, आणि स्लॅब असतात, महिन्यात जास्त बुकिंग केली तर टक्का वाढतो. म्हणून "झिरो ब्रोकरेज" म्हणून जो तुम्हाला एकाच प्रोजेक्टकडे ओढतोय त्याचा स्लॅब पुरा व्हायला एक-दोन बुकिंग कमी असू शकतात. तुम्हाला कुठलं घर बरं ते तिथे दुय्यम होतं. त्यात वाईट माणसं आहेत असं नाही, पण पैसे कुठून येतात ते ओळखून ऐका.

तरीही आपला माणूस तिथेही उपयोगी पडतो. रेट कार्डच्या बाहेर फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा भाव), पार्किंग, क्लब हाऊस, स्टॅम्प ड्युटीची ऑफर, पेमेंटचे टप्पे यात जागा असते आणि ती रोज तिथे जाणाऱ्यालाच माहीत असते. कार्पेट एरिया, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्रफळ, रेरा कायद्याप्रमाणे सांगतायत की बाल्कनी धरून, हे विचारायला हवं, रेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही, आतल्या भिंती येतात. आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायच्या आधी १० टक्क्यांहून जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका.

एक महत्त्वाचं. तुम्ही आधी एकट्या साइटवर गेलात आणि रजिस्टरमध्ये नंबर दिलात की तुम्ही "डायरेक्ट" म्हणून टॅग होता, किंवा पोर्टलवाल्याच्या नावाने. नंतर स्वतःचा एजंट आणलात तर सेल्स ऑफिस त्याला दाद देत नाही. म्हणून एजंट ठेवायचाच असेल तर पहिल्या व्हिजिटच्या आधी.

घाटकोपरी:
पण मग तिथे तुमचा माणूस बिल्डरकडूनच पैसे घेणार ना? म्हणजे पुन्हा तेच.

बोरिवली_पश्चिम:
हो, तिथे तेच. मी माझ्या गिऱ्हाइकांना आधी सांगतो की या प्रोजेक्टमध्ये मला बिल्डर किती देणार आहे. काही जण म्हणतात त्यातले थोडे आम्हाला परत द्या, मी काही वेळा देतो. पण आकडा सांगणारे आमच्यात थोडेच आहेत, हे मान्य. विचारा, सांगत नसेल तर दुसरा बघा.

ठाणेकर:
रजिस्टर्ड आहे का ते कसं कळतं?

बोरिवली_पश्चिम:
महारेराच्या साइटवर एजंटचं नाव किंवा नंबर टाकून दिसतं. नवीन प्रोजेक्ट विकणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे, आणि २०२३ मध्ये महारेराने त्यासाठी ट्रेनिंग आणि परीक्षाही लावली, मीही दिली. जुन्या रिसेल फ्लॅटच्या व्यवहाराला मात्र ही सक्ती लागू नाही, त्यामुळे आमच्या गल्लीत पानपट्टीवालाही फ्लॅट दाखवतो. रिसेललाही नोंदणी असलेलाच घ्या, काही झालं तर निदान त्याला काहीतरी गमावायचं आहे.

अबोली:
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला आणि सासऱ्यांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सासरे आकडेमोड यांच्या ठरावीक फीवर खूश आहेत, नवरा इंडेक्स टू शोधत बसलाय.

आमचं ठरतंय ते असं. एक नोंदणी असलेला एजंट, मुलुंडमधलाच, फी ठरावीक, मालकाकडून काही घेणार नाही असं लिहून. वकील वेगळा, आणि एजंटने सुचवलेला नाही. कोकणी साहेब, एजंटबरोबरच्या त्या कागदावर काय काय असावं? आणि टोकनचं पण जरा सांगा, मला टोकनचीच सगळ्यात भीती वाटते.

अ‍ॅड_कोकणी:
अबोलीताई, मोठा करार नको, एक पान पुरे. तो फक्त तुमच्यासाठी काम करतोय, विकणाऱ्याकडून किंवा त्याच्या एजंटकडून कुठल्याही स्वरूपात पैसे घेणार नाही, घेतले तर तुमची फी माफ, हे पहिलं. मग फीचा आकडा, जीएसटी धरून की वेगळा, आणि ती कधी द्यायची. सगळी टोकनला देऊ नका, निम्मी अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर आणि निम्मी चावी हातात आल्यावर. किती महिन्यांसाठी नेमताय ते लिहा, म्हणजे पटलं नाही तर मोकळं होता येतं. आणि त्याच्या स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या मालकीचा फ्लॅट दाखवला तर आधी सांगायचं, हे मी नेहमी घालतो.

टोकन चेकने किंवा ऑनलाइन, थेट मालकाच्या खात्यात, एजंटच्या खात्यात कधीच नाही. मालक दोन असतील तर दोघांची सही. पावतीवर तीन गोष्टी हव्यात: टायटल समाधानकारक नसेल तर पूर्ण परत, बँकेने प्रॉपर्टीच्या कारणाने लोन नाकारलं तर पूर्ण परत, आणि किती दिवसांत परत. मालकाचा एजंट म्हणेल असं कुणी लिहीत नाही. तिथेच तुमचा एजंट उपयोगी पडतो, त्याने म्हणायचं की आमची पार्टी असंच लिहिते.

सोसायटीच्या बाबतीत ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, कमाल २५ हजार आहे. कमिटीने "डोनेशन" मागितलं तर लेखी मागा, बहुतेक वेळा मागणी तिथेच थांबते.

घाटकोपरी:
ठरावीक फी, दुसरीकडून काही नाही, निम्मे पैसे चावीला. या अटींवर माझा विरोध नाही. टक्क्यावाल्याला मात्र मी आजही पैसे देणार नाही.

ठाणेकर:
अबोली, मुलुंडमध्ये जुन्या बिल्डिंग बघणार असाल तर एजंटला रीडेव्हलपमेंटबद्दल सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स बघायला सांगा. आता ५१ टक्के मेंबरांच्या संमतीने निर्णय होतो, म्हणजे तुम्ही राहायला गेलात आणि वर्षात बाहेर भाड्याने, असंही होऊ शकतं. काहींना तेच हवं असतं, मोठं घर मिळतं म्हणून. पण माहीत असून घ्या.

अबोली:
हो, ते विचारतेच. एक तातडीचं, या रविवारी कांजूरला एका नवीन प्रोजेक्टची साइट व्हिजिट ठरलीय, पोर्टलवरून फोन आला होता. एजंट अजून पक्का नाही. जाऊ का?

बोरिवली_पश्चिम:
पुढे ढकला. आणि पोर्टलवाल्याला विचारा की माझा नंबर त्या प्रोजेक्टला कुणी आधीच दिलाय का. दिला असेल तर टॅग किती दिवस राहतो ते सेल्स ऑफिसला विचारून घ्या, प्रत्येकाची मुदत वेगळी असते.

अबोली:
विचारलं. नंबर दिलेला नाही, व्हिजिट झाल्यावरच देतात म्हणे. रविवार रद्द केला, त्याऐवजी मुलुंडच्या एजंटना भेटायला जातोय, कागद छापून घेऊन.